मांजर आडवी गेली, तरी तास चालू

तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक नेमके काय काम करतो, हा प्रश्न आम्हाला जळगाव-धुळे एस.टी.त हमखास विचारला जातो. एरंडोल येईपर्यंत शेजारच्या प्रवाशाने आमचे गाव, पगार आणि मुलांचे शिक्षण ही माहिती काढलेली असते. पारोळा येईपर्यंत आडनाव काढलेले असते. आडनावावरून जात कळली की त्याच्या चेहऱ्यावर एक कोडे उमटते. 'यांच्यातला माणूस आणि तत्त्वज्ञान?' असे तो तोंडाने म्हणत नाही. तो म्हणतो, "म्हणजे सर, कीर्तन-प्रवचन असतं ते का?" आम्ही नाही म्हणतो. मग तो खिडकीबाहेर बघू लागतो आणि आम्ही पिशवीतले पुस्तक काढतो.

त्याचा दोष नाही. या देशात तत्त्वज्ञान म्हणजे अध्यात्म, अध्यात्म म्हणजे मोक्ष आणि मोक्षाची किल्ली विशिष्ट कमरेला, हे समीकरण इतके जुने आहे की एस.टी.तल्या माणसाने ते एका तिकिटात सोडून द्यावे ही अपेक्षा जास्तीची आहे. प्रत्यक्षात आमचे काम अगदी साधे आहे. आम्ही वाचतो. वाचलेले मुलांना सांगतो. मुले जे विचारतात त्याचे उत्तर शोधायला पुन्हा वाचतो. उरलेल्या वेळात मांजरांना दूध-भाकरी घालतो.

मांजरांचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. आमच्या घरात दोन खोल्या पुस्तकांनी आणि उरलेले घर मांजरांनी व्यापले आहे. सर्वांत थोरल्या बोक्याचे नाव मिलिंद. तो सतत काही ना काही विचारत असतो म्हणून. मिलिंद राजाने भिक्खू नागसेनाला इतके प्रश्न विचारले की त्याचा 'मिलिंदपञ्ह' नावाचा ग्रंथ झाला. आमचा मिलिंद दुधापलीकडे फारसे विचारत नाही, पण चिकाटी तीच. त्याची आवडती बैठक म्हणजे महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांची थप्पी. खंड जाड आणि रुंद आहेत, मांजर पसरून मावते. त्याला उठवून तिसरा खंड काढायचा म्हणजे रोजचा संघर्ष.

नागसेनाने राजाला विचारले होते की, तू रथातून आलास, तर रथ कोणता ते दाखव. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ? दांडी म्हणजे रथ? यातले एकही रथ नाही आणि यांच्यावेगळाही रथ नाही. 'मी' नावाच्या वस्तूचेही असेच. हा अनात्मवाद आम्ही वर्गात मांजरावर शिकवतो. शेपूट म्हणजे मांजर का? मिशा म्हणजे मांजर का? रथ मुलांनी फक्त टी.व्ही.वरच्या महाभारतात पाहिलेला असतो, मांजर रोज पायात येते. उदाहरण मुलांच्या अंगणातले असले की नागसेन लवकर कळतो, असा आमचा अनुभव आहे.

वर्गातही मांजर येते. महाविद्यालयाच्या जुन्या इमारतींच्या खिडक्यांना काचा असतातच असे नाही आणि कँटीन जवळ असते. एकदा तास चालू असताना एक मांजर आमच्या टेबलाच्या आणि पहिल्या बाकाच्या मधून शांतपणे निघून गेली. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "सर, आडवी गेली." वर्ग हसला. आम्ही म्हटले, हसू नका, तिच्या म्हणण्याला शास्त्राचा आधार आहे, आणि फळ्यावर मनुस्मृती, अध्याय चौथा असे लिहिले.

मनूच्या चौथ्या अध्यायात अनध्यायाची, म्हणजे अभ्यास बंद ठेवण्याची कारणे दिली आहेत. गुरू आणि शिष्य यांच्यामधून गुरेढोरे, बेडूक, मांजर, कुत्रा, साप, मुंगूस किंवा उंदीर गेला तर एक दिवस आणि एक रात्र अध्ययन बंद. आता त्याच अध्यायात जरा मागे जा. तिथे सांगितले आहे की शूद्र जवळ असताना वेद म्हणू नये. मांजर आडवी गेली तर सुटी एक दिवस-रात्रीची. मांजर निघून जाते, दुसऱ्या दिवशी पाठ सुरू. शूद्राच्या सान्निध्यात मात्र पाठ नाहीच, आणि शूद्र काही एका दिवसात शूद्रपणातून निघून जात नाही. आम्ही वर्गाकडे पाहिले. शेतकऱ्यांची, शेतमजुरांची, पावरा-भिल्ल आदिवासींची, बौद्धांची, धनगर-माळ्यांची मुले. मनूच्या हिशेबाने हा अख्खा वर्गच एक न संपणारा अनध्याय होता. मुलीने विचारले, "मग सर, मांजर आपल्यापेक्षा बरी?" आम्ही म्हटले, हिशेब अजून पूर्ण झाला नाही, अकरावा अध्याय उघडू.

अकरावा अध्याय प्रायश्चित्तांचा. तिथे हत्येचे दरपत्रक आहे. ब्राह्मणाच्या हत्येला जे प्रायश्चित्त, त्याचा चौथा हिस्सा क्षत्रियाच्या हत्येला, आठवा हिस्सा वैश्याच्या आणि सोळावा हिस्सा शूद्राच्या. पुढे मांजर, मुंगूस, चाष पक्षी, बेडूक, कुत्रा, घोरपड, घुबड आणि कावळा यांची यादी येते. यांना मारले तर काय करावे? शूद्रहत्येचे व्रत करावे. म्हणजे शूद्र आणि घुबड एका ओळीत.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सांगितली नाही तर मनूचे वकील ती सांगतात आणि आमचे विद्यार्थी गोंधळतात. लगेच पुढच्या श्लोकात या प्राण्यांसाठी हलके पर्यायही दिले आहेत: तीन रात्री दुधावर राहावे, नाहीतर एक योजन चालावे, नाहीतर नदीत स्नान करावे. वकील म्हणतात, बघा, बरोबरी नाहीच. ठीक आहे. पण मूळ माप कशाचे घेतले? कावळा-मांजराच्या जिवाची किंमत सांगायला तराजूत वजन म्हणून शूद्राचा जीव ठेवला, हे त्या सवलतीने पुसले जात नाही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला हे पुस्तक का जाळले, असे विचारणाऱ्यांना आम्ही वाद घालत बसत नाही. चौथा आणि अकरावा अध्याय वाचा म्हणतो. गंमत अशी की जाळणाऱ्यांनी तो वाचला होता आणि जाळल्याबद्दल हळहळणाऱ्यांपैकी बहुतेकांनी वाचलेला नसतो.

मांजरावरून आणखी एक प्रश्न निघतो आणि तत्त्वज्ञानाच्या शिक्षकाला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. 'जाति' हा शब्द न्यायशास्त्रात पारिभाषिक आहे. सर्व मांजरांमध्ये मांजरपण, म्हणजे मार्जारत्व असते. सर्व गायींमध्ये गोत्व असते. ही 'जाति' खरी, नित्य आणि प्रत्यक्ष दिसणारी, असे नैयायिक आणि मीमांसक मानतात. इथवर वादाला जागा आहे, पण भांडणाला नाही. भांडण पुढच्या पावलावर सुरू होते. गोत्व खरे असेल तर ब्राह्मणत्वही खरे, तीही जन्माने ठरणारी नित्य जाति, असे कुमारिलासारखे मीमांसक सांगू लागतात. तर्काचे एक शांत दिसणारे तत्त्व चातुर्वर्ण्याच्या पायाखाली असे घातले जाते. आपल्याकडे जातीची चर्चा समाजशास्त्राच्या वर्गात होते. ती आधी तर्कशास्त्राच्या वर्गात व्हायला हवी.

उत्तर बौद्धांनी दिले. अश्वघोषाच्या नावावर असलेली 'वज्रसूची' साधा दाखला देते. हत्ती, घोडा, गाय यांच्या पायांचे ठसे निरनिराळे असतात, ठशावरून प्राणी ओळखता येतो. ब्राह्मणाचा, क्षत्रियाचा, वैश्याचा, शूद्राचा पाय उमटला तर ठशावरून वर्ण ओळखता येतो का? आमच्या अंगणात पावसाळ्यात मिलिंदच्या पावलांचे ठसे उमटतात. ते मांजराचे आहेत हे लहान पोरही सांगते. त्याच चिखलात आमचे आणि शेजारच्या काकांचे ठसे असतात. सांगा कोणाचा कोणता!

सातव्या शतकातला धर्मकीर्ती आणखी पुढे गेला. 'मार्जारत्व' अशी स्वतंत्र वस्तू नसते. जे मांजर नाही ते वगळले की उरते त्याला आपण सोयीसाठी मांजर म्हणतो, अशी दिङ्नागापासून चालत आलेली अपोहाची मांडणी त्याने भक्कम केली. ज्यांची अक्कल गेली आहे अशांच्या पाच खुणाही त्याने सांगितल्या. वेद प्रमाण मानणे, जगाचा कोणी कर्ता मानणे, स्नानाने पुण्य लागते मानणे, जातीचा गर्व आणि पाप घालवायला शरीराला छळणे. तेराशे वर्षांपूर्वी एक तर्कशास्त्री जातीच्या गर्वाला पाप म्हणत बसत नाही, सरळ निर्बुद्धपणा म्हणतो. हे नाव आमच्या किती बी.ए. झालेल्या मुलांना ठाऊक आहे?

जाता जाता एक गोष्ट. 'वज्रसूची' याच नावाचे एक उपनिषदही आहे आणि त्याला सतराव्या शतकात अभंगरूपात मराठीत आणले ते तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाईंनी. या शिऊरच्या बहिणाबाई. आमच्या विद्यापीठाला २०१८ साली ज्यांचे नाव दिले त्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१). मुले दोघींची सरमिसळ करतात. एकीने जन्माच्या अहंकारावरचा ग्रंथ बायाबापड्यांच्या भाषेत आणला, दुसरीला अक्षरओळख नव्हती आणि तिच्या ओव्या दुसऱ्यांनी टिपून घेतल्या. पुस्तकापासून बाईला आणि शूद्राला लांब ठेवण्याचा इतिहास या दोघींच्या मधोमध उभा आहे.

मांजराची बदनामीही कमी झालेली नाही. जातककथांत एक ढोंगी तपस्वी येतो. एका पायावर उभा, तोंड सूर्याकडे, आहार फक्त वारा. उंदरांचा कळप रोज नमस्काराला येतो आणि जाताना शेवटचा उंदीर गायब होतो. कथेत तो कोल्हा आहे, पण त्याच्या व्रताला नाव मांजराचे: बिळारव्रत. महाभारताच्या उद्योगपर्वात गंगेकाठी तप करणारा बोकाच आहे. महाबलीपुरमच्या प्रसिद्ध शिल्पात तो पुढचे पाय वर करून उभा आहे आणि पायाशी उंदीर आहेत. मनूनेही ढोंग्याला 'बैडालव्रतिक' म्हटले आहे. आम्ही मांजरांच्या वतीने याचा निषेध नोंदवतो. मांजर उंदीर धरते ते उघड धरते, आधी त्याला उपदेश करत नाही. एका पायावर उभे राहण्याची कला माणसाचीच. १४ एप्रिल जवळ आला की निळा फेटा बांधून असे अनेक तपस्वी जळगाव-धुळ्याच्या चौकाचौकांतल्या फलकांवर उभे असतात. कळपातला शेवटचा उंदीर कुठे गेला याची मोजदाद आपणच ठेवायची असते.

मांजराचा तत्त्वज्ञानातला आणखी एक उपयोग आमच्या चळवळीला बोचेल असा आहे. रामानुजांच्या वैष्णव परंपरेत पुढे दोन तट पडले. एक म्हणतो, माकडाचे पिलू आईला स्वतः घट्ट धरते, तसा भक्ताने प्रयत्न केला पाहिजे. दुसरा म्हणतो, मांजराचे पिलू काहीच करत नाही, आई त्याला मानगुटीला धरून उचलून नेते, तसा देव तारतो. याला मार्जारन्याय म्हणतात. बुद्धाने दोन्ही नाकारले. दुसऱ्या कोणाला शरण न जाता स्वतःच स्वतःचा दीप व्हा असे सांगितले. पण आमच्या वस्त्यांत आज काय चालते? निवडणूक आली की कोणत्या नेत्याच्या तोंडी आपले मानगूट आहे याची चर्चा. नेता या पक्षातून त्या पक्षात जातो आणि पिले लोंबकळत मागे जातात. मांजराची पिलेसुद्धा काही आठवड्यांत चालायला शिकतात हो!

खानदेशात तत्त्वज्ञानाचे नाव काढले की अमळनेरला टाळता येत नाही. गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांच्या पैशातून १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. हेतू शांकर अद्वैताच्या अभ्यासाचा. एका तालुक्याच्या गावात देशभरचे पंडित राहायला आले. घ. र. मलकानी यांनी ती संस्था आणि तिचे इंग्रजी त्रैमासिक वर्षानुवर्षे सांभाळले. कृष्णचंद्र भट्टाचार्य १९३० च्या दशकात तिथे संचालक होते. साने गुरुजी शिक्षक होण्याआधी तिथे विद्यार्थी होते. टी. आर. व्ही. मूर्ती तिथे होते. १९३३ साली मलकानी, रासविहारी दास आणि मूर्ती यांनी 'अज्ञान' या विषयावर मिळून पुस्तक लिहिले. याच मूर्तींनी पुढे १९५५ साली नागार्जुनाच्या माध्यमिक दर्शनावर जगभर वाचला गेलेला ग्रंथ लिहिला. अद्वैतासाठी बांधलेल्या मंदिरात वावरलेला माणूस शून्यवादाचा भाष्यकार झाला, हे आम्हाला फार आवडते.

पण अमळनेरला गेलो की एक प्रश्न आमच्या मनातून जात नाही. सर्वांभूती एकच ब्रह्म आहे हे शंकराचार्यांचे म्हणणे. त्याच शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात, पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात, शूद्राला वेदाध्ययनाचा आणि वेदातून मिळणाऱ्या ब्रह्मविद्येचा अधिकार नाही हे ठामपणे मांडले आहे. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे ओतण्याचे स्मृतिवचनही ते तिथे आधाराला घेतात. ब्रह्म मांजरातही आहे, शूद्रातही आहे, पण शूद्राने ते समजून घ्यायचे नाही! बाबासाहेबांनी 'रिडल्स'मध्ये नेमके इथेच बोट ठेवले. ब्रह्मवाद हा लोकशाहीचा पाया होऊ शकला असता, हे ते मोकळेपणाने मान्य करतात, आणि मग विचारतात की या ब्रह्मातून धर्म का निघाला नाही, समतेचे आचरण का निघाले नाही. हे लेखन १९८७ साली छापून आले तेव्हा महाराष्ट्रात किती गदारोळ झाला! गदारोळ राम-कृष्णाच्या प्रकरणावर झाला. ब्रह्माच्या प्रश्नाला उत्तर द्यायला कोणी आले नाही.

कृष्णचंद्रांचे 'विचारातील स्वराज्य' हे व्याख्यान प्रसिद्ध आहे. राजकीय गुलामी दिसते, पण परक्यांच्या कल्पना न तपासता स्वीकारणे ही गुलामी दिसत नाही, असा त्याचा आशय. मुद्दा खरा आहे. पण ज्याच्या कानावर इंग्रजांच्या आधी हजार वर्षे दुसऱ्याच कोणाच्या कल्पना लादल्या गेल्या, त्याचे विचारातील स्वराज्य कोणाविरुद्ध? अमळनेरपासून धुळे काही लांब नाही. तिथल्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. घराघरांत ते पुस्तक गेले. बाबासाहेबांनी गीतेला प्रतिक्रांतीचे तात्त्विक समर्थन म्हटले, तो निबंध आमच्या तिसऱ्या खंडात, मिलिंदच्या बुडाखाली आहे. विद्यार्थ्याने दोन्ही वाचावीत, असा आमचा आग्रह असतो. बहुतेकांच्या घरी पहिले असते. दुसरे असते ते आमच्या वस्तीत, तेही ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर, बाबासाहेबांच्या १९३७ च्या मुक्कामाची आठवण म्हणून जमणाऱ्या गर्दीतल्या एखाद्या पुस्तकाच्या पथारीवरून आणलेले.

ही पथारी आमचे खरे विद्यापीठ. ६ डिसेंबरला भुसावळ-जळगावहून दादरला गेलेली माणसे परत येतात तेव्हा पिशवीत पुस्तक असतेच. आमच्या मायला वाचता येत नव्हते. तिने चैत्यभूमीवरून आणलेले 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' फडक्यात गुंडाळून कणगीवर ठेवले होते, उंदीर लागू नयेत म्हणून. आणि उंदीर लागू नयेत म्हणूनच घरात पहिली मांजर आली. पुस्तकासाठी मांजर पाळणारे आम्हीच पहिले नव्हे. जपानात चीनहून बौद्ध सुत्ते बोटीने आणली तेव्हा उंदरांपासून राखायला मांजरे सोबत आणली, अशी तिकडे परंपरा सांगतात. खुद्द बाबासाहेबांचे १९१७ साली मायदेशी परतताना सामान बोटीसह समुद्रात बुडाले, त्यात पुस्तके गेली. नुकसानभरपाई मिळाली. पण त्या माणसाने पुढे दादरला घर बांधले ते पुस्तकांना जागा हवी म्हणून.

आता सध्याचे. जळगाव-धुळे-नंदुरबारच्या महाविद्यालयांत तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र घेणारी मुले कमी होत आहेत. मुले कमी म्हणून पद भरत नाहीत, पद नाही म्हणून विषय तासिका तत्त्वावरच्या एखाद्या तरुणाच्या गळ्यात पडतो. तो तरुण नेट-सेट झालेला असतो, बहुतेक वेळा आपल्याच समाजातला असतो, आणि तासाप्रमाणे मिळणारे पैसे कधी हाती येतील याची वाट बघत असतो. एके वर्षी तो पोट भरायला दुसरीकडे जातो आणि विषय बंद होतो. कोणी ओरड करत नाही. संस्थाचालकाला त्या विषयात देणगी नाही, पालकाला नोकरी दिसत नाही. "सर, हाई शिकीसन काय व्हई?" हा पालकाचा प्रश्न खोटा नाही. आमचे उत्तर असे की स्पर्धा परीक्षेत तर्क लागतो, वकिलीत लागतो, पत्रकारितेत लागतो. पण तेवढ्यावर आम्ही थांबत नाही.

कारण तत्त्वज्ञानाचे दार आपण सोडले तरी ते बंद होत नाही, दुसरे कोणी आत जाऊन बसते. नव्या शैक्षणिक धोरणात 'भारतीय ज्ञान परंपरा' हा विषय पदवीला आला आहे. परंपरा शिकवायला आमची हरकत नाही, उलट आनंद आहे. पण त्यात नागसेन असणार का? धर्मकीर्तीच्या पाच खुणा असणार का? चार्वाक असणार का, की शिव्या खाण्यापुरता? मे २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनुस्मृतीतला श्लोक निघाला तेव्हा रस्त्यावर आंदोलने झाली. ती झालीच पाहिजेत. पण मसुदा लिहिणाऱ्या टेबलाभोवती आपला एखादा तर्कशास्त्राचा माणूस बसलेला असता तर तो श्लोक मसुद्यातच खोडला गेला असता. तो माणूस तयार होतो अकरावीच्या वर्गात.

म्हणून वाचकहो, यंदा जूनमध्ये पोराचा कला शाखेचा अर्ज भरताना विषयांची यादी शेवटपर्यंत वाचा. तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान ही नावे बहुधा तळाशी असतात. महाविद्यालयात 'हा विषय आमच्याकडे नाही' असे सांगितले तर लेखी मागा. पाच-दहा पालकांनी मिळून अर्ज दिला तर संस्थेला उत्तर द्यावे लागते. पुस्तके नसतील तर आमच्याकडे आहेत, न्यायला या. तिसरा खंड हवा असेल तर मात्र मिलिंदला उठवण्याचे काम तुमचे.